पालकाचा मोबाइल नंबर

"रुचिका बोलता का? मी तुमचा पालक बोलून राहिलो."

रुचिकाने फोन कानापासून लांब धरून नंबर पाहिला. अनोळखी होता. तिच्या खऱ्या पालकांपैकी एक, परसराम, त्या घडीला फॅक्टरीत ड्यूटीवर होते आणि दुसऱ्या, तुळसाबाई, स्वयंपाकघरात फोडणीच्या ठसक्याने खोकत होत्या. तिसरा पालक असल्याचं आजवर कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"कोण पालक?"

"म्हणजे... कागदावर. मी धम्मदीप. गेटसमोरचं ऑनलाईन सेंटर नाही का? लॉच्या ॲडमिशनचा फॉर्म भरला नव्हता का तुम्ही आमच्याकडं?"

"हाव. मंग?"

"मंग काय! तुमच्या कॉलेजवाल्याईनं जीव खाल्ला माझा. सकाळपासून तिसरा फोन आहे. 'सर, मुलीच्या भविष्याचा काय विचार केला?' आता काय सांगू मी त्याईले? माझंच भविष्य अजून ठरलं नाही... सव्वीस वर्षाचा आहो मी!"

रुचिका इतक्या जोरात हसली की तुळसाबाई खोकायच्या थांबल्या.

झालं होतं ते असं. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत मोबाइल आत नेता येत नाही. त्यामुळे इथल्या बापांचे मोबाइल दिवसभर गेटबाहेर स्कूटरच्या डिकीत पडून असतात. आणि फॉर्म तर ओटीपीशिवाय तसूभर पुढे सरकत नाही. वेबसाइट चालते दुपारी, बाप सुटतो संध्याकाळी. या पेचावर धम्मदीपने आपल्यापुरता तोडगा काढला होता. 'पालकाचा मोबाइल नंबर' या रकान्यात सरळ स्वतःचा नंबर ठोकायचा! ओटीपी हातोहात, फॉर्म हातोहात, पोरं खूश. अशा रीतीने लग्नाआधीच तो फॅक्टरीच्या क्वार्टरमधल्या निम्म्या पोरांचा बाप होऊन बसला होता. आयटीआयवाल्यांनी किंवा नर्सिंगवाल्यांनी त्याला कधी छळलं नाही. पण रुचिकाने फॉर्मसोबत कॉलेजांचं रँकिंग बघायला आणखी एका वेबसाइटवर नाव नोंदवायला लावलं, तिथेही त्याने सवयीने तेच केलं, आणि देशभरातल्या लॉ कॉलेजांना एक नवा चिंतातुर पालक सापडला.

"आणि पुस्तकंही येऊन राहिले कुरिअरनं," तो म्हणाला. "नेऊन जा बापा. माझा प्रिंटर ठेवायले जागा नाही राहिली."

संध्याकाळी ती छत्री घेऊन गेली. पावसाची झड लागलेली होती, हायवेवरच्या ट्रकांनी उडवलेला चिखल सेंटरच्या पायरीपर्यंत आला होता. धम्मदीप स्टुलावर बसून कुणाचं तरी आधारकार्ड लॅमिनेट करत होता. फॉर्म भरताना तिने त्याच्याकडे नीटसं पाहिलंच नव्हतं. तेव्हा तिथे गर्दी होती, आणि तिचं सगळं लक्ष स्वतःच्या फोटोत कान दिसतात की नाही याकडे होतं. आज दिसलं की याच्या डाव्या गालावर, हसलं की, एक खळी पडते. उजव्यावर पडत नाही. हे अर्धवट काम बघून तिला उगाचच त्याच्याकडे पुन्हा पाहावंसं वाटलं.

"दादा, ते पुस्तकं..." ती म्हणाली.

"हे घ्या. तुमचं भविष्य. आठ-दहा किलो तरी आहे."

गुळगुळीत, जाडजूड, नव्या शाईच्या वासाची माहितीपुस्तकं. प्रत्येकावर हिरवळ, हिरवळीवर काळ्या कोटातल्या पोरी, आणि पोरी आकाशाकडे बघून हसतायत. पाऊस वाढला म्हणून ती थांबली, थांबली म्हणून बाकावर बसली, आणि बसली म्हणून चाळायला लागली. तिच्या डोक्याचा भुगा व्हायला तिथूनच सुरुवात झाली.

"हे कॉलेज मध्य भारतात पहिलं आहे म्हणते."

"हेही पहिलंच आहे," धम्मदीपने दुसरं पुढे केलं. "आणि हे पाहा, 'खासगी, निवासी, उदयोन्मुख गटात तिसरं.' त्या गटात कॉलेज किती आहेत?"

"तीन असतील."

दोघंही हसली. मग त्याने संगणकावर तीन निरनिराळी रँकिंग उघडली. पुण्याकडचं एक कॉलेज पहिल्या यादीत नववं, दुसरीत एकतिसावं, आणि तिसऱ्या यादीत ते कॉलेज या भूतलावर असल्याचाच पत्ता नव्हता.

"अरे, थांबा!" रुचिका एकदम ओरडली. "ही पोरगी पाहा. आणि हिच्यातली पाहा."

दोन वेगळ्या राज्यांतली दोन वेगळी कॉलेजं, पण हिरवळीवर हसणारी मुलगी एकच. तोच कोट, तेच दात, तीच बट. धम्मदीपने दोन्ही फोटो जवळ धरले आणि गंभीरपणे म्हणाला, "हुशार आहे पोरगी. दोन्हीकडं ॲडमिशन भेटली."

त्या दिवशी घरी जाताना तिच्या लक्षात आलं की आपण निघताना 'येते दादा' म्हणालो नाही. नुसतंच 'येते' म्हणालो. का, ते तिलाही कळलं नाही. पण त्यानंतर 'दादा' तोंडातून निघायचाच बंद झाला, आणि त्याऐवजी काय म्हणावं ते काही ठरेना. मग ती बिननावानेच बोलू लागली. "अहो, ऐकलं का..." असं एकदा म्हणून बसली आणि स्वतःच लाजून लाल झाली.

सेंटरच्या चकरा वाढल्या. निमित्तं आयतीच होती: आज एका कॉलेजाचं पाकीट आलं, उद्या दुसऱ्याचा फोन आला. धम्मदीप फोन स्पीकरवर टाकायचा, आवाज जाड करायचा आणि "हां, बोला. मी मुलीचा पालक," असं म्हणून रुचिकाकडे भुवई उडवायचा. ती ओढणीचा बोळा तोंडात कोंबून बसायची.

पुण्याच्या कॉलेजातून तृप्ती मॅडम नावाच्या एक बाई नेमाने फोन करत. आवाज मधाळ. "सर, आमचं हायेस्ट पॅकेज बघितलंत ना?"

"बघितलं मॅडम. पण एकाले हायेस्ट भेटलं, बाकीच्यायले काय भेटलं ते नाही दिसलं."

"ते... मी तुम्हाला मेल करते सर."

तो मेल काही कधी आला नाही.

खरं तर हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची मुदत जवळ येत होती आणि रुचिकाचं काही म्हणता काही ठरत नव्हतं. लॉ सीईटीचे मार्कही असे मधल्यामध्ये पडले होते, की डोळे मिटून हो म्हणावं असं कुठेच नाही आणि सोडून द्यावं असंही नाही. तुळसाबाईंना मुलगी जज झालेली हवी होती, ती कुठून का होईना. परसराम म्हणायचे, "बँकेत लॉ ऑफिसरच्या जागा निघतात ना, ते पाहा. वकील होऊन कोर्टाबाहेर टेबल टाकून बसशील काय?" भंडाऱ्याचं कॉलेज घरापाशी, नागपूरचं जुनं आणि स्वस्त, पुण्याचं झगझगीत आणि लांब. बाबांची नोकरीही फार उरली नव्हती. सकाळी पुणं बरं वाटायचं, जेवताना भंडारा, आणि झोपायच्या वेळी कॉलेजच नको, टायपिंगचा क्लास लावावा असं वाटायचं.

आणि तिला पक्कं काय हवं होतं ते तिने एकट्या धम्मदीपलाच सांगितलं होतं. अकरावीत असताना ती आंधळगावच्या आत्यासोबत जमिनीच्या केसच्या तारखेला गेली होती. आत्याची वकीलबाई उभी राहिली, चष्मा सारखा केला आणि बोलायला लागली, तसं अख्खं कोर्ट गप्प झालं.

"मले तसं उभं राहायचं आहे," रुचिका म्हणाली. "पॅकेज-बिकेज नंतर. पण हे घरी कसं सांगू? आणि त्यासाठी कोणतं कॉलेज चांगलं, हे कोणत्याच यादीत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. लॅमिनेशनच्या मशीनमधून कुणाचं तरी कार्ड अर्धं बाहेर येऊन अडकलं, तरी बघत राहिला.

"तुम्हाले काय वाटते? कुठं जाऊ मी?"

तो चटकन मशीनकडे वळला. "मी काय सांगू... तुमचं शिक्षण, तुमचं मन."

"अहो, इतके ब्रोशर वाचले तुम्ही! काही तं मत असन?"

"नाही माझं काही मत."

बस. एवढंच. पुन्हा विचारलं तरी तेच. जगातला प्रत्येक माणूस तिला मत द्यायला टपलेला होता. शेजारच्या काकू देत, दूधवाला देई, पुण्याच्या तृप्ती मॅडम तर रोज देत. आणि ज्या एकाचं हवं होतं तो तोंडात मूग गिळून बसला होता. म्हणजे मी पुण्याला गेले काय आणि लंडनला गेले काय, याला सारखंच? रुचिकाला राग आला. मग राग का आला म्हणून स्वतःचा राग आला. आधी कॉलेजाचा एकच गोंधळ होता, आता दोन झाले. दुसऱ्याला तर रँकिंगही नव्हतं.

ती दोन-तीन दिवस सेंटरकडे फिरकली नाही. धम्मदीपचाही फोन आला नाही.

आला तो तृप्ती मॅडमचा. थेट रुचिकाच्या नंबरवर.

"रुचिका, अभिनंदन हं! मी मुद्दाम फोन केला. आम्ही तुला अर्ध्या फी-माफीच्या मुलाखतीला बोलावणार होतो, पण तुझ्या घरून कळलं की लग्न ठरलंय. म्हणून नाव काढलं यादीतून. पण शिक्षण सोडू नकोस बरं का."

रुचिका पलंगावर बसली. "कोणाचं लग्न?"

"तुझं. सरच म्हणाले परवा. मी विचारलंसुद्धा, मुलगा काय करतो? तर म्हणाले, स्वतःचं ऑनलाईन सेंटर आहे, मेन रोडवर, स्वभावाने बरा आहे, थोडा घाबरट आहे." मॅडम हसल्या. "जावयाबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला."

रुचिकाने फोन पलंगावर आपटला. रागाने, हे नक्की. पण रागाने कुणाचे गाल इतके गरम होत नाहीत. अर्ध्या फीची मुलाखत या माणसाने परस्पर उडवली होती! तिला न विचारता, तिच्या आयुष्यावर काट मारली होती! आणि... थोडा घाबरट आहे म्हणे. ती छत्री न घेताच निघाली.

सेंटरमध्ये कुणी नव्हतं. ती भिजलेल्या चपलांनी तशीच आत शिरली आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"कोणाशी ठरवलं तू माझं लग्न?"

पहिल्यांदाच 'तू' आलं होतं. दोघांनाही ते कळलं. धम्मदीप स्टुलावरून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"त्या मॅडम रोज फोन करत... म्हटलं, लग्न ठरलं म्हटल्याशिवाय हे लोक सोडत नाहीत..."

"खोटं बोलू नको. बाकीच्या कॉलेजवाल्यायले नाही सांगतलं. पुण्यालेच काहून?"

त्याने उगाचच प्रिंटरचं झाकण उघडलं आणि बंद केलं. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"सांग ना. काहून?"

"कारण तिथं तू गेली असती," तो म्हणाला. आवाज अगदीच बारीक झाला होता, पालकाचा जाड आवाज कुठल्या कुठे गेला होता. "अर्धी फी माफ म्हटल्यावर काका नाही म्हणालेच नसते. आणि मले... मले नव्हतं वाटत तू जावं. म्हणूनच मत नाही देऊन राहिलो मी तुले इतके दिवस. ज्याचा स्वतःचा मतलब आहे त्यानं सल्ला कायले द्यावा? गप्पच राहणार होतो. पण त्या बाईनं त्या दिवशी मुलाखतीचं म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. निघालं तं निघालं, मंग तिनं मुलगा काय करते म्हणून विचारलं..."

"आणि तू स्वतःचीच माहिती देल्ली."

"दुसऱ्याची कशी देऊ? नसतं जमलं मले."

रुचिकाला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींपैकी एकालाही ती वाट देणार नव्हती. इतके दिवस ज्या गोष्टीसाठी जीव टांगणीला लागला होता ती अशी, ओल्या चपला आणि लॅमिनेशनच्या जळक्या वासात, समोर येऊन पडली होती. ती आवडली होती, फार आवडली होती. आणि तरीही त्याने केलं ते चूकच होतं.

"फोन लाव त्यायले," ती म्हणाली. "स्पीकरवर."

"आत्ता?"

"आत्ता. आणि खरं सांग."

त्याने फोन लावला. तृप्ती मॅडमनी मधाळ आवाजात "बोला सर" म्हटलं, आणि धम्मदीपने एका दमात सांगून टाकलं. "मॅडम, मी पालक नाही. मी सेंटरवाला आहो. लग्न ठरलं नाही. मुलीला विचारलंही नाही. मुलगी मले आवडते, म्हणून मी खोटं बोललो. तिचं नाव पुन्हा टाका यादीत. चूक माझी आहे, तिची नाही."

मग मॅडम म्हणाल्या, "अगंबाई!" आणि तो मधाळपणा पहिल्यांदाच खरा वाटला. "टाकते हो नाव. परवा मुलाखत आहे. पण त्या मुलीला कधी विचारणार?"

"ती इथंच उभी आहे, मॅडम."

रुचिकाने फोन त्याच्या हातातून घेतला. "मॅडम, एक विचारू? तुमच्याकडून पास झालेल्या पोरी कोर्टात वकिली करायले गेल्या, तं त्या तुमच्या त्या प्लेसमेंटच्या टक्क्यात कुठं असतात?"

"त्या... खरं सांगू का? त्या 'प्लेस न झालेल्या' धरतात. कंपनीने घेतलं तर प्लेसमेंट. कोर्टात गेली तर आमच्या लेखी रिकामी जागा. आमच्याकडच्या मुली फारशा जातही नाहीत तिकडे."

रुचिकाच्या डोक्यातला महिनाभराचा कालवा एकदम थांबला. तिला जे व्हायचं होतं ते या सगळ्या गुळगुळीत पुस्तकांच्या हिशेबात रिकामी जागा होतं! मग त्यातलं नववं काय आणि एकतिसावं काय.

"थँक्यू मॅडम. मी मुलाखतीला नाही येत. पण नाव टाकलं ते बरं केलं. नाही म्हणायचं होतं तं मलेच म्हणायचं होतं."

तिने फोन काउंटरवर ठेवला आणि बाकावर बसली. "पसंतीक्रम उघड. पहिलं नागपूर टाक. तिथं सकाळी कॉलेज आणि दुपारी कोर्टात कोण्या वकिलाच्या मागं उभं राहता येते. हायकोर्टही आहे. हॉस्टेलवर राहीन मी."

धम्मदीपची बोटं कीबोर्डवर थांबली. "माझ्यामुळं नाही ना?"

"स्वतःले फार मोठा समजू नको. तुझ्यामुळं असतं तं भंडारा नसतं टाकलं?"

"मंग... मी?"

आता मात्र तिला त्याच्याकडे बघवेना. ती ओढणीचं टोक पिळत राहिली, त्यातून पाणी ठिबकत राहिलं.

"तुझ्या सेंटरले सुट्टी कधी असते?"

"नसते."

"रविवारी?"

"रविवारी तं खरा धंदा. फॅक्टरी बंद, सगळे काका लोक त्याच दिवशी येतात..." बोलता बोलता त्याला प्रश्न कळला. तो थांबला. ती खळी हळूहळू पडली, नेहमीसारखी एकाच गालावर. मग त्याने ड्रॉवरमधून मार्कर काढला, प्रिंटरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि 'रविवारी बंद राहील' असं लिहून काचेवर चिकटवून टाकलं.

पहिल्याच यादीत नागपूरला नाव लागलं. परसरामांनी आठवडाभर "बँकेच्या जागा नंतरही निघतात" असं स्वतःलाच समजावलं आणि मुलीला हॉस्टेलवर सोडून आले.

दिवाळीच्या आधीचा एक रविवार. कोर्टाजवळच्या हॉटेलात रुचिका आणि धम्मदीप समोरासमोर तर्री-पोहे घेऊन बसले होते, आणि ती त्याला आठवडाभरात पाहिलेल्या उलटतपासण्या सांगत होती. एवढ्यात बाबांचा फोन आला.

"काय करून राहिली? जेवली का?" परसराम म्हणाले, आणि मग वैतागून, "तो धम्मदीप आहे ना, त्याचं काय चाललं आहे समजत नाही. मी गॅसच्या केवायसीसाठी चौथ्यांदा जाऊन आलो. दर रविवारी कुलूप! क्वार्टरमधले सगळे शिव्या देऊन राहिले. कुठं जाते हा पोट्टा, तुले काही माहीत आहे काय?"

आवाज फोनच्या बाहेरही येत होता. धम्मदीपचा चमचा हवेतच थांबला. त्याने घाबरून मान हलवली. नाही, नाही, नको. रुचिकाने त्याच्याकडे पाहिलं. 'माहीत नाही बाबा' म्हणणं किती सोपं होतं. पण खोटं बोलल्याबद्दल तिने याच माणसाला एकदा स्पीकरवर उभं केलं होतं.

"माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "माझ्यासमोर बसला आहे. दर रविवारी येते. घ्या, बोला त्याच्याशी."

धम्मदीपने हात पँटला पुसला, फोन दोन्ही हातांनी घेतला आणि भर हॉटेलात उठून उभा राहिला.

"जय भीम, काका."

रुचिकाने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"जय भीम," शेवटी परसराम म्हणाले. "पुढच्या रविवारी तिले घेऊन घरीच ये. बोलू. आणि येतानी तो अंगठ्याचा मशीन घेऊन येजो, गॅसचं काम राहिलं आहे माझं."